‘नाक’ येतं, ‘कान’ येत नाही

बाळू (नाव अर्थातच खरं नाही) माझ्याकडे, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडे, पहिल्यांदा आला तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांचा होता. मी नाव विचारलं तर आईच्या मागे जाऊन उभा राहिला. आई हसून म्हणाली, “मॅडम, नाव सोडून काहीही विचारा.” त्याच्या खऱ्या नावाची सुरुवात ‘क’नं होते. नाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, “काय? परत सांग.” परत सांगूनही ऐकणाऱ्याला तेच ऐकू यायचं. शेवटी त्यानं नाव सांगणंच सोडून दिलं.

घरच्यांची तक्रार एका शब्दात होती: बोबडं. आजीच्या मते जीभ जड, बाबांच्या मते लाडाचा परिणाम. बालवाडीतल्या ताईंनी मात्र लिहून पाठवलं होतं की हल्ली तो गप्प असतो, आधी नव्हता. मला बाकी सगळ्यापेक्षा या ओळीची काळजी वाटली.

आधी सात महिने दुसरीकडे थेरपी झाली होती. आईनं वही आणली होती, व्यवस्थित ठेवलेली. शिट्टी फुंकणं, स्ट्रॉनं कापसाचा गोळा ढकलणं, जीभ नाकाकडे, जीभ हनुवटीकडे, आरशासमोर रोज वीस वेळा. शिट्टी आता तो छान वाजवतो, उच्चार तसाच आहे. मग कुणीतरी सुचवलं की जिभेखालचा पातळ पडदा आखूड आहे, तो कापून टाका. माझ्याकडे ते खरं तर या प्रश्नासाठी आले होते: कापायचा की नाही?

सुरुवात मी कानापासून केली. उच्चाराची तक्रार घेऊन आलेल्या मुलाचा ताजा श्रवण अहवाल हातात नसेल तर मी पुढे जात नाही. जन्मानंतरची तपासणी ‘पास’ असली तरी ती त्या दिवसापुरती असते. या वयात सर्दी-पडशानंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकणं महिनोन्‌महिने कमी-जास्त होत राहू शकतं, आणि मूल तसं सांगत नाही, कारण त्याला तेच नेहमीचं वाटतं. बाळूचे दोन्ही कान ठीक निघाले. समज वयाला साजेशी होती, वाक्यं पाच-सहा शब्दांची, गोष्ट सांगण्यातला क्रम बरोबर. एकच शब्द वेगवेगळ्या वेळी तीनदा म्हणवून घेतला तर तिन्ही वेळा चूक तीच. चूक दर वेळी बदलत असती, स्वरही डगमगत असते, ओठ-जीभ जागा शोधत चाचपडत असते, तर मी जिभेच्या हालचालींच्या आखणीतल्या दोषाचा विचार केला असता. तसं इथे काहीच नव्हतं. चुकीला शिस्त होती.

ही शिस्त मराठी वर्णमाला पाठ असलेल्या कुणालाही कळेल अशी आहे. कार म्हणजे ‘ताल’, खडू म्हणजे ‘थडू’, गाडी म्हणजे ‘दादी’ नव्हे तर नीट ‘दाडी’, घोडा म्हणजे ‘धोडा’. क-ख-ग-घ काढायचे आणि त्याच क्रमानं त-थ-द-ध बसवायचे. ख ची महाप्राणता (हवेचा जोराचा झोत) थ मध्ये शाबूत, ग चा घोष (गळ्यातला कंप) द मध्ये शाबूत. बदलली ती फक्त जागा: जिभेचा मागचा भाग वर उचलण्याऐवजी टोक दातांकडे. अख्खा कवर्ग बाळूनं तवर्गात नेऊन ठेवला होता. ज्याची जीभ ‘जड’ आहे असा मुलगा थ आणि ध इतके स्वच्छ वेगळे करू शकत नाही, हे मी आजींना सांगितलं. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

मग चित्रं दाखवताना नाकाचं चित्र आलं आणि बाळू सरळ म्हणाला, “नाक.”

मी पुढचं चित्र दाखवायचं विसरले. चाक? “चाक.” वाघ? “वाघ.” बाग? “बाग.” सगळे बरोबर. कान? “तान.” परत नाक? “नाक.” मी विचारलं, मणी कुठे अडकलाय? “नातात.” वाघाला काय बांधलंय? “वाधाला दोली.” शब्द तोच, जीभ तीच, वेळही तीच. नाक एकटं असताना क शेवटी येतो आणि साबूत राहतो. विभक्तीचा प्रत्यय लागून त्याच्यापुढे स्वर आला की क पुढच्या अक्षराच्या तोंडाशी येतो आणि त होतो. कवर्ग अक्षराच्या सुरुवातीला घसरतो आणि शेवटी टिकतो, अशी नोंद इतर भाषांतल्या मुलांचीही आहे. मराठीत ती एका प्रत्ययाच्या अंतरावर ऐकू येते, आणि तरीही आधीच्या सात महिन्यांच्या वहीत तिचा उल्लेख नव्हता. कारण वहीत शब्दच नव्हते, जीभ होती.

पडद्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. तो पडदा जिभेच्या पुढच्या भागाला बांधतो. क साठी उचलायचा असतो मागचा भाग. पुढचा भाग बांधला गेला असता तर अडचण त, थ, द, ध, ल यांची व्हायला हवी होती, आणि बाळू तर प्रत्येक गोष्ट तिथेच नेऊन ठेवत होता. शिवाय ‘नाक’ बरोबर म्हणताना पडदा कुठे गेला होता? मी आई-बाबांना कागदावर जिभेचं आडवं चित्र काढून दाखवलं. शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टरांचा, पण उच्चारासाठी म्हणून ती नको, असं मी लेखी दिलं.

फुंकण्या-चाटण्याच्या व्यायामांबद्दल थोडं मनातलं. फुंकर मारायला जीभ-ओठ ज्या तऱ्हेनं चालतात, तसे ते बोलताना चालत नाहीत. एक सुधारलं म्हणून दुसरं सुधारतं याला भरवशाचा पुरावा नाही. तरीही २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका देशव्यापी पाहणीत ८५ टक्के थेरपिस्ट असे व्यायाम वापरतात असं दिसलं होतं. मीही पहिली काही वर्षं वापरले. करायला सोपे, पालकांना दिसणारे आणि वहीत भरायला छान. म्हणून आधीच्या थेरपिस्टला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आता दुसरा प्रश्न. बाळूला क आणि त मधला फरक ऐकू येतो का, की त्याच्या लेखी दोन्ही एकच? मी खेळण्यातली कार उचलली आणि म्हटलं, “ही बघ तार.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “नाही. ताल.”

“हो, तेच म्हटलं मी. तार.”

“ताल नाही!” पाय आपटून. “ताल!!”

१९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी नोंदवलेला प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. प्लास्टिकच्या माशाला ‘फिस’ म्हणणारं मूल, मोठ्या माणसानं ‘फिस’ म्हटलं की चिडतं आणि ‘फिश’ म्हटलं की मान डोलावतं. बाळूचंही तेच. त्याच्या डोक्यात कार आणि तार हे दोन वेगळे शब्द होते. बाहेर पडताना दोघांना एकच दार होतं आणि आपण दोन वेगळ्या दारांतून बाहेर काढतोय असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. म्हणून “नीट बोल” या वाक्याचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याच्या मते तो नीटच बोलत होता, आपण नीट ऐकत नव्हतो.

तो गप्प का झाला याचं उत्तर मला तिसऱ्या भेटीत दाराबाहेर मिळालं. बाबा बूट घालत होते. बाळूनं विचारलं, “बाबा, आपन तेव्हा जायचं?” बाबा म्हणाले, “हो हो, तेव्हा जाऊ.” बाळू थांबला, परत म्हणाला, “तेव्हा?” बाबा म्हणाले, “हो रे, तेव्हाच.” त्याचा चेहरा पडला आणि तो काही बोलला नाही.

त्याला विचारायचं होतं, केव्हा.

कोण, काय, का, कुठे, कधी, कसा, किती, केव्हा, केवढा. मराठीतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न क नं सुरू होतो, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त नं. कसा–तसा, केव्हा–तेव्हा, केवढा–तेवढा. बाळूचा प्रश्न तोंडातून निघेपर्यंत उत्तर होऊन जायचा. “तसा?” असं विचारणाऱ्या मुलाला माणसं “हो, तसा” म्हणतात आणि पुढे जातात. चार वर्षांचं मूल दिवसभर प्रश्न विचारून जगतं. त्याला प्रत्येक प्रश्नावर ‘हो’ ऐकू येत असेल तर ते प्रश्न विचारणं बंद करतं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसले.

एरवी मी कदाचित सहा महिने वाट बघू म्हटलं असतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत क चा त होणं साधारण साडेतीन वर्षांपर्यंत आपोआप मावळतं, आणि बाळू ती वेळ ओलांडून थोडाच पुढे गेला होता. पण ज्या भाषेत ही एक अदलाबदल अख्खं प्रश्नांचं खातं पुसून टाकते, तिथे वाट बघणं महाग पडतं. त्याचा र सुद्धा ल होता, ण चा न होता. त्यांना मी हात लावला नाही. २७ भाषांतल्या मुलांवरच्या अभ्यासांचा २०१८ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात बहुतेक व्यंजनं पाच वर्षांपर्यंत जागेवर येतात असं दिसतं, आणि र उशिरा येणाऱ्या मंडळींतला. आजींना हे खटकलं: “र पण सांगा की त्याला.” र सोडण्याचं आणखी एक कारण होतं, ते पुढे येईल.

मोजणी अशी केली. कवर्ग असलेले ४० शब्द: २४ सुरुवातीला, ८ मध्ये, ८ शेवटी. सुरुवातीचे शून्य, मधले शून्य, शेवटचे ७ बरोबर. सुरुवातीच्या २४ पैकी १२ शब्द बाजूला ठेवले. ते थेरपीत कधीच घ्यायचे नाहीत, फक्त अधूनमधून तपासायचे. शिकवलेला शब्द बरोबर आला तर पाठांतर असू शकतं, न शिकवलेला आला तर नियम बदलला. र चे १० शब्दही तसेच तपासायचे, न शिकवता. क सुधारला आणि र जागच्या जागी राहिला तर श्रेय थेरपीला द्यायला थोडी जागा आहे. दोन्ही एकदम सुधारले तर मूल नुसतं मोठं होत होतं, असं मानावं लागेल.

पद्धत जुनी आहे. एकाच ध्वनीनं वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या घ्यायच्या आणि मुलाच्या उच्चाराला शब्दशः मान द्यायचा. १९८१ साली फ्रेडरिक वायनरनं ती दोन मुलांवर वापरून मांडली. मराठीत बाळूसाठी चार जोड्या अशा सापडल्या की मी स्वतःवरच खूश झाले: कार–तार, खांब–थांब, गार–दार, घर–धर. कवर्गातलं प्रत्येक व्यंजन तवर्गातल्या आपल्या जोडीदारासमोर. आठही शब्द त्याला माहीत होते, हे महत्त्वाचं. आधी मी काप–ताप ही जोडी काढली होती. ‘काप’ म्हटल्यावर तो कात्री शोधायला उठला आणि सत्राची दहा मिनिटं गेली. ती जोडी गेली.

पण आधी सुरुवातीचा क तोंडात यायला हवा. चमच्यासारख्या पट्टीनं जिभेचं टोक दाबून धरण्याची रीत आहे. टोक उठलंच नाही तर त होऊच शकत नाही. बाळूनं पट्टी बघितली आणि तोंड मिटलं, विषय संपला. बरंच झालं, कारण मग मला जे आधीच हातात होतं तिकडे वळावं लागलं. नाक.

नाक आणि कान एकामागोमाग म्हणायचे, मध्ये श्वास न घेता. नाक्‌कान. पहिल्या शब्दाचा शेवटचा क त्याला येतोच, जीभ मागे उचललेली आहे, ती खाली न सोडता दुसऱ्या शब्दात शिरायचं. मी माझ्या नाकावर बोट ठेवलं आणि तेच बोट तसंच सरकवत कानापर्यंत नेलं. त्यानंही नेलं. “नात्‌तान.” पुन्हा, हळू, नाकावर बोट जास्त वेळ दाबून. “नाक्‌... तान.” पुन्हा. नवव्या की दहाव्या वेळी बोट गालावर असताना त्याचा घसा थोडा वर चढलेला दिसला आणि तो म्हणाला, “नाक्‌कान.”

त्याला कळलं. माझ्याकडे न बघता तो स्वतःशीच आणखी चार वेळा म्हणाला. मग नाक मनात म्हणायचं, बोट नाकावर, आणि तोंडानं फक्त कान. ते पुढच्या सत्रात आलं. तेव्हापासून नाकावर ठेवलेलं बोट ही आमची खूण झाली.

आठवड्यातून दोन सत्रं, प्रत्येकी साधारण ४० मिनिटं. पहिली चार सत्रं ऐकण्याच्या तयारीत आणि क काढण्यात गेली, पाचव्यापासून जोड्या. त्यातलं एकच सत्र सांगते. टेबलावर कार, माझ्या पाठीमागे पुठ्ठ्याचे खांब. नियम: तू सांगशील ते मी करणार. ‘थांब’ म्हटलं की कार थांबणार, ‘खांब’ म्हटलं की खांब मिळणार. त्याला पूल बांधायचा होता.

“थांब.”

मी कार थांबवली.

“थांब!” माझ्या पाठीकडे बोट.

“थांबलेच आहे की मी.”

त्यानं कारकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी “काय? परत सांग” न म्हणता त्यानं म्हटलेलंच ऐकलं होतं. मी विचारलं, “थांबू, की खांब देऊ?” उत्तर यायला वेळ लागला. मग बोट हळूच नाकावर गेलं. “ख्‌... खांब.” मी खांब दिला. शाबासकी दिली नाही. खांब मिळाला हीच शाबासकी, तिच्यावर माझा आवाज चढवायची गरज नव्हती. त्या दिवशी त्यानं अकरा खांब मागितले.

घरी काय करायचं, तर दिवसातून दहा मिनिटं जोड्यांचा खेळ आणि बाकी वेळ “परत म्हण” बंद. तो “ताल आली” म्हणाला की आपण म्हणायचं, “हो, कार आली. लाल कार.” एवढंच.

आणि मग मी चूक केली. खरं तर आधीच केली होती, कळली नंतर. दहाव्या सत्राच्या सुमारास आईचा सकाळी सकाळी फोन. आवाज रडवेला. “मॅडम, जे येत होतं तेही गेलं.” बाळू हाताला ‘हाक’ म्हणत होता, दोनला ‘गोन’. आजी म्हणत होत्या की थेरपीनं पोराची जीभ बिघडवली. माझ्या खोलीत आल्यावर मला म्हणाला, “काई, खांब दे.”

मी त्याची ताई. झाले काई.

नवा नियम हाताशी आला की मूल तो सगळीकडे लावून बघतं, हे अपेक्षित आहे. ध्वनी नुसते तोंडात नव्हे तर मनातल्या मांडणीत हलू लागले, याची ती खूण. मला हे माहीत होतं आणि मी घरच्यांना सांगितलं नव्हतं. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. त्याऐवजी एका घरात चार दिवस कुणी नीट झोपलं नाही. आता पहिल्याच भेटीत मी ते कागदावर लिहून देते: मध्येच उलट्या चुका होतील, घाबरू नका, मला कळवा. त्या वेळी मी जोड्यांतले त चे पत्ते पुन्हा बाहेर काढले, म्हणजे तार मागायला ‘तार’च म्हणावं लागेल, आणि साधारण तीन आठवड्यांत ‘हाक’ पुन्हा हात झाला.

शेवटच्या टप्प्यात प्रश्न. कसा–तसा, केव्हा–तेव्हा, केवढा–तेवढा. यांची चित्रं होत नाहीत, म्हणून खेळ असा की माझ्याजवळ डबा, आत काहीतरी लपवलेलं. ‘केवढा?’ विचारलं तर मी हातांनी माप दाखवायची, ‘तेवढा’ म्हटलं तर “हो, तेवढा” म्हणून गप्प. बाबांना मी मुद्दाम या सत्रांना बसवलं. गप्प बसणं त्यांना माझ्यापेक्षा जड गेलं.

सोळा सत्रांनंतर बाजूला ठेवलेल्या १२ शब्दांपैकी ९ बरोबर आले, गप्पांमध्ये साधारण निम्मे. र च्या १० शब्दांत शून्य, सुरुवातीसारखंच. आजींना मी तो कागद दाखवला आणि र का सोडला ते सांगितलं. बावीस सत्रांवर थांबलो. तीन महिन्यांनी फेरतपासणी केली तेव्हा गप्पांमध्येही कवर्ग बहुतेक जागेवर होता. घाईत किंवा चिडला की घ अजून घसरायचा. र मध्ये दोन शब्द आपोआप आले होते. बालवाडीतून निरोप असा की आता त्याला जरा गप्प बसवायला काही उपाय आहे का.

एक शब्द मात्र हलला नाही. काका. सगळे क येऊनही काकाला तो ‘ताता’च म्हणतो. लहानपणापासून घट्ट बसलेले असे शब्द नव्या नियमाला दाद देत नाहीत, हे नेहमीचं. मी आईला सांगितलं, काकांना निरोप द्या, त्यांनी स्वतःला मुद्दाम ‘काका’ म्हणावं. पुढच्या वेळी काका स्वतः बाळूला सोडायला आले. मी विषय काढला तर म्हणाले, “मॅडम, त्याचं सगळं सुधारा. हे राहू द्या.” फाइलमध्ये मी नोंद केली: काका – ताता. उद्दिष्ट नाही.